खोक्यावर सगळं बरोबर होतं

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी छापणाऱ्या एका कंपनीत मी प्रूफ तपासते. गोळ्या, मलम, खोकल्याचं औषध यांची जी कागदी खोकी दुकानात दिसतात, त्यांचा नमुना छपाईला जाण्याआधी माझ्या टेबलावर येतो. औषध कंपनीने मंजूर केलेला कागद डावीकडे, आमचा नमुना उजवीकडे. ओळीखाली फूटपट्टी धरायची, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, पेन्सिलीने बरोबरची खूण करायची आणि पुढच्या ओळीवर जायचं. दिवसभर कुणाशी फारसं बोलावं लागत नाही. या नोकरीतलं मला हेच सगळ्यात आवडतं.

ही नोकरी मला इंग्रजी शाळेमुळे मिळाली. घरी त्या शाळेचा उपयोग असा, की जिच्यावर इंग्रजी अक्षरं आहेत अशी प्रत्येक वस्तू माझ्याकडे येते. बँकेचं पत्र, मिक्सरची गॅरंटी, शेजारच्या काकूंच्या बीपीच्या गोळ्या. आई स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगते, "द्या तिच्याकडं, ती बघंल." मी बघते, दोन वाक्यांत सांगते आणि आत निघून जाते. कुणी त्यापुढे विचारलं की मला कसंनुसं होतं.

आमच्या घराची आणखी एक रीत सांगायला हवी. जे एकमेकांना तोंडावर सांगता येत नाही, ते आम्ही दादाच्या मुलीला सांगतो. ती तेव्हा चौदा महिन्यांची होती. "पिल्लू, आजीला सांग भाजीत मीठ पडलं नाही." "पिल्लू, बाबांना विचार, पंख्याला हात कधी लागणार." तिला यातलं एक अक्षर कळत नसे, पण घरातले निम्मे निरोप तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात. मला ही सोय फार बरी वाटायची. समोरच्याकडे न बघता बोलता येतं, आणि बोलणं नको त्या वळणावर गेलं तर तिला कडेवर घेऊन गॅलरीत जाता येतं.

त्या रविवारी दुपारी आई झोपली होती. वहिनी आतल्या खोलीत पडून होती. आठवडाभर तिला सकाळी मळमळत होतं आणि ती ते पित्तावर ढकलत होती. मी बाहेर टेबलाशी बसले होते. दादा पिल्लूला घेऊन आला, तिच्या हातात एक खोकं दिलं आणि तिला माझ्याकडे ढकललं.

"पिल्लू, आत्याला दे. म्हणावं, कंपनीत बघतेस तसं बघ जरा."

एवढं बोलून त्याने पेपर उघडला. पेपर कालचा होता.

खोक्यावरचं नाव वाचलं आणि मला समजलं. पाळी चुकल्यावर गर्भ पाडायला ज्या गोळ्या देतात, त्या होत्या. शेजारी कुरिअरचं पाकीट पडलं होतं, त्यावर 'ब्युटी प्रॉडक्ट' असं लिहिलेलं. माझे कान गरम झाले. भाऊ समोर बसलेला, हातात ते खोकं, आणि माझ्यासमोर दोनच वाटा: काहीतरी बोलणं किंवा काम करणं. मी काम केलं. फूटपट्टी घेतली. घटक, बरोबर. बनवणाऱ्याचा पत्ता, बरोबर. परवाना क्रमांक आहे. बॅच नंबर आहे, दोन्ही तारखा आहेत, मुदत संपलेली नाही. आणि चौकटीतला इशारा. असा इशारा आमच्याकडे सगळ्यात आधी बघतात, कारण तो राहिला तर अख्खी छपाई फेकून द्यावी लागते. चौकट होती, अक्षरं ठळक होती.

"पिल्लू," मी म्हणाले, "बाबांना सांग, सगळं बरोबर आहे."

पेपरामागून दादाने सुटकेचा श्वास सोडला. मीही आत गेले आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, प्रसंग निभावला.

सोमवारी कंपनीत मला कापणीच्या मशीनपाशी उभं राहावं लागलं. जी खोकी छापताना बिघडतात किंवा मोजून जास्तीची उरतात, ती आमच्याकडे रद्दीत देत नाहीत. मशीनमध्ये घालून त्यांचे तुकडे करतात, आणि तुकडे झाले याची सही आमच्या विभागातल्या कुणीतरी करायची असते. ते मशीन एक वयस्कर गृहस्थ बघतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्या दिवशी एक गठ्ठा अगदी चांगल्या खोक्यांचा होता, फक्त जास्तीचा. मी सहज म्हणाले, "चाचा, ही तर चांगली आहेत."

"इसी के वास्ते तो काटना," चाचा म्हणाले. "खराब खोके को कौन पूछता? अच्छा खोका बाहर नक्को जाना, बेटा. उसमें कोई क्या भर के बेचेगा, अपने को क्या मालूम? लोगाँ खोका देख के आँख मीच के खा लेते."

खोकी आत जात होती आणि पट्ट्या होऊन बाहेर पडत होती. मी सहीचा कागद हातात धरून तशीच बघत उभी होते. आमच्याकडून खोकं बाहेर पडतं तेव्हा बॅच नंबरची आणि तारखांची जागा कोरी असते. ते नंतर औषध कंपनीत उमटवतात. म्हणजे ज्याच्या हाती खोकं आणि एक छोटं छपाईयंत्र आहे, तो कुणीही हवी ती तारीख उमटवू शकतो. हे मला तीन वर्षं माहीत होतं. रविवारी मात्र मी त्या तारखेसमोर बरोबरची खूण केली होती.

आणि तो इशारा. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात बसून आठवायला लागले, त्या चौकटीत लिहिलं काय होतं. आठवेना. तो आहे की नाही एवढंच मी पाहिलं होतं, वाचला नव्हता. तीन वर्षं हेच तर माझं काम होतं. चौकटीचा आकार, अक्षरांची जाडी, कडेपासूनचं अंतर. फोनवर शोधून मी तो वाचला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मान्यता असलेल्या ठिकाणीच घ्यावं, असं त्यात साध्या शब्दांत म्हटलेलं होतं. मग मी पुढचंही वाचत गेले, ही गोळी कुणी घ्यायची नाही तेही.

मी वहिनीला फोन लावला.

"घेतलंस का ते?"

"काय?"

"पिल्लूने मला दिलं होतं ते."

तिने आवाज खाली आणला. "नाय अजून. बुधवारी आई चितेगावला चालल्या ना मावशींच्या नातवाच्या जावळाला, दोन दिवस. त्या गेल्या की घेणार."

"घेऊ नकोस. मी आल्यावर बोलू."

"तुम्ही बोलणार?" वहिनी म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

वहिनी सिल्लोडची. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण मला ताई म्हणते आणि तुम्ही म्हणते. चिडवायचं असलं की मॅडम. संध्याकाळी आम्ही गच्चीवर कपडे काढायला गेलो. खाली आईची मालिका सुरू झाली होती, म्हणजे अर्धा तास हातात होता.

"ती गोळी घेऊ नकोस, वहिनी."

"का? तुम्हीच म्हणलात बरोबर हाय म्हणून. हे लई खूश झाले. म्हणले, बघ, तिनं पास केलं."

"मी खोकं बघितलं. आत काय आहे ते मला नाही कळत. नुसतं बघून कुणालाच नाही कळत."

"मग काल का नाय बोललात?"

"लाज वाटली."

तिने हातातली चादर खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे बघत राहिली. "धन्य हाय तुमची. मळमळ मला, लाज तुम्हाला."

मी तिला विचारलं, तिला हे हवंच आहे का. कुणी भरीला घातलंय का. ती म्हणाली, नाही. तिने आणि दादाने मिळून ठरवलं होतं. पिल्लू सिझेरियनची, अजून सव्वा वर्षाचीही नाही, तिचं बी.एड.चं शेवटचं वर्ष राहिलेलं; आणि दुसऱ्यांदा पोट फाडून घ्यायला ती इतक्यात तयार नव्हती. आईला कळलं असतं तर ती म्हणाली असती, होऊन जाऊ द्या लागोपाठ, दोन्ही संगतीनं वाढतील. आई वाईट मनाने म्हणाली नसती, पण मग ती गोष्ट सगळ्या नात्यागोत्यात झाली असती.

"त्या विकणाऱ्याने दादाला काय काय विचारलं?"

"पत्ता विचारला. पिनकोड विचारला."

"तुझ्याबद्दल?"

"माझ्याबद्दल कशाला विचारंल? मी काय त्याच्या ओळखीची हाये?"

"किती दिवस वर गेलेत, आधी सिझेरियन झालंय का, रक्त किती आहे, असं काही?"

"नाय. आवाज रेकॉर्ड करून पाठवला त्यानं. सगळ्या एकदम घ्या म्हणला, सकाळपर्यंत मोकळं होतं." मग ती कपडे घडी करता करता सहज म्हणाली, "तांबी बसवलेली होती खरं तर मला. पिल्लूच्या टायमालाच, सिझेरियन केलं तेव्हा. ती पडली असंल."

"पडलेली दिसली का?"

"दिसली नाय. पण असती तर हे राहिलं असतं का?"

जिन्यात बसून मी दुपारी जे वाचलं होतं त्यात नेमकं हेच होतं. तांबी, म्हणजे कॉपर-टी, असताना दिवस गेले, तर गर्भ पिशवीत नसून नळीत असण्याची शंका घ्यावी लागते. नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. नळी फुटली तर रक्त आत साठतं. आणि गोळीनेही रक्त जातं आणि पोट दुखतं, त्यामुळे घरी बसलेल्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही. मला हे सगळं इंग्रजीत माहीत होतं. मराठीत यातला एकही शब्द मी कधी तोंडाने उच्चारला नव्हता. मी अडखळत, हात वर-खाली करत सांगितलं. वहिनी ऐकत होती. तिची घडी अर्धीच राहिली.

"ह्ये शाळेत शिकवलं तुम्हाला?"

"शाळेत बेडूक शिकवला."

ती हसली, पण लगेच थांबली. "म्हणजे आत कुठं हाय ते बघितल्याबिगर घ्यायचंच नाय?"

"नाही."

"आणि सोनोग्राफीत नोंद होती ना? मग घरी कळतं. डॉक्टर पण शिव्या घालतात. ह्यांची सही लागती."

यातलं काय खरं आणि काय ऐकीव, हे मलाही पक्कं माहीत नव्हतं. "मी बघून सांगते," एवढंच मी म्हणाले. त्या संध्याकाळी मी कायदा आणि त्याचे नियम वाचून काढले. ते माझ्या फूटपट्टीच्या कामासारखंच होतं. फरक एवढाच, की या वेळी वाक्य काय म्हणतं ते बघायचं होतं.

दादाशी बोलणं राहिलं होतं. मी बाहेर आले तर तो जमिनीवर पिल्लूला मांडीत घेऊन बसला होता.

"पिल्लू, आत्याला विचार, गच्चीवर एवढ्या काय गप्पा चालल्या होत्या."

मी पिल्लूला त्याच्या मांडीवरून उचललं आणि वाटी-चमचा देऊन आईजवळ नेऊन बसवलं. मग त्याला म्हणाले, "दादा, दूध आणायला चल."

दूध घरात होतं. तो काही न बोलता चप्पल घालून आला.

रस्त्याने शेजारी शेजारी चालताना एकमेकांकडे बघावं लागत नाही, हे बरं. कोपऱ्यापर्यंत आम्ही भरभर चाललो. मग मी म्हणाले, "तू आणलेल्या गोळ्या वहिनीला द्यायच्या नाहीत. माझं चुकलं. मी फक्त छपाई तपासली."

त्याने चपलेने रस्त्यावरचा एक खडा बाजूला सारला. मग म्हणाला, "मी दोन मेडिकलमध्ये गेलो होतो. पहिला म्हणाला, ठेवत नाही, लफडं नको. दुसऱ्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. मागे आपल्या गल्लीतले काका उभे. मग खोकल्याचं औषध घेऊन आलो."

"तरीच घरात बाटल्या झाल्यात."

"शेवटी फोनवर एक ग्रुप सापडला, तिथून मागवल्या. तिथल्या लोकांनी खाली अंगठे टाकले होते. चांगलं आहे, गुण आला, असं लिहिलेलं."

"ते लोक कोण?"

त्याला ते माहीत नव्हतं. मी त्याला तांबीचं सांगितलं. तांबी बसवलेली होती हे त्याला माहीत होतं. त्याचा यात काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मी नळीचं सांगितलं तसा तो मधेच उभा राहिला.

"म्हणजे तिने बुधवारी घेतलं असतं आणि आम्ही वाट बघत बसलो असतो?"

"हो."

"आणि दवाखान्यात गेलो तर केस होते म्हणतात ते?"

"मान्यता असलेल्या दवाखान्यात होत नाही. कायद्याने करता येतं. नाव गुप्त ठेवावं लागतं त्यांना. आणि सही फक्त वहिनीची लागते. तुझी नाही."

"माझीपण नाही?"

"नाही."

त्याला ते थोडं लागलं. दोन पावलं चालून तो म्हणाला, "बरंय मग." आणि डेअरीतून खरोखर अर्धा लिटर दूध घेतलं.

मंगळवारी सकाळी मी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात फोन केला. फोन करणं मला नेहमीच जड जातं. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं. पलीकडून "हां, बोला" आलं आणि मी घाबरून सगळं इंग्रजीत म्हणून टाकलं, एका दमात.

"मॅडम, मराठीत सांगा ना," ती मुलगी म्हणाली. "मला अर्धंच कळलं."

मी मराठीत सांगितलं. तुमच्याकडे गर्भपाताची सरकारमान्य सोय आहे का, वहिनीला आणायचंय, तांबी आहे. ती म्हणाली, "आहे. चार वाजता या. आधार कार्ड आणा, जुनी डिलिव्हरीची फाइल असेल तर आणा." बस. एवढ्यासाठी माझ्या तळहाताला घाम सुटला होता.

आईला आम्ही ब्लाउजचं मॅचिंग आणायला जातो म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "दोघी जाता? मग माझ्या निळ्या साडीचंही आणा."

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. चष्म्यावरून बघायच्या. वहिनी खुर्चीत बसली, मी दारापाशी उभी राहिले.

"तू कोण?"

"नणंद."

"नणंद?" त्यांनी मला पुन्हा बघितलं. "नवरे येतात, आया येतात, मैत्रिणी येतात. नणंद आलेली मला तरी आठवत नाही. बस, बस."

वहिनीने पिशवीतून ते खोकं काढून त्यांच्यासमोर ठेवलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, आतली पट्टी बाहेर काढली, पुन्हा आत सरकवली.

"दिसायला ठीक आहे. असली आहे की नकली, हे मलाही बघून सांगता येणार नाही. किती दिवस कुठल्या गोदामात उन्हात पडून होतं, तेही माहीत नाही. घेतलीस का एखादी?"

"नाय."

"नक्की? घेतली असलीस तरी सांग. रागावणार नाही. मला माहीत असायला हवं."

"खरंच नाय, मॅडम."

"मग ही इथंच ठेव. आणि हे बघ, गोळीवर माझा राग नाही. जमलं तर अशीच गोळी मीसुद्धा देणार आहे तुला. पण आधी चार गोष्टी बघून."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. शेवटची पाळी कधी, सिझेरियन कधी, आधी कधी रक्त चढवलंय का, दमा आहे का, फिट येतात का, रोजच्या काही गोळ्या चालू आहेत का. घरी कोण असतं. घरापासून मोठा दवाखाना किती लांब आहे, गाडी मिळते का. दोघांनी ठरवलंय की कुणी सांगितलंय. हे विचारताना त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. गोळ्या विकणाऱ्या त्या माणसाने फक्त पत्ता आणि पिनकोड विचारला होता, हे मला बाहेर बाकावर बसल्यावर आठवलं आणि हसू आलं.

सोनोग्राफीला वहिनीने माझा हात धरून ठेवला होता. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत यंत्र हळूहळू सरकवत होत्या. मला त्या पडद्यावर काही कळत नव्हतं. करडा धूर नुसता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पिशवीतच आहे," त्या म्हणाल्या. "नळीत नाही. सात आठवडे होत आलेत. आणि ही बघ तुझी तांबी. पडलीबिडली नाही, खाली सरकलीय. म्हणून काम करत नव्हती."

वहिनीने डोळे मिटून घेतले. तिच्या कानामागे पाणी ओघळलं, ते मी माझ्या ओढणीने टिपलं.

तांबी आधी काढली. ती तशीच ठेवून गोळी घ्यायची नसते, हेही तेव्हा कळलं. रक्त तपासलं, थोडं कमी होतं पण चालण्यासारखं होतं. रक्तगट पाहिला. काही बायकांना रक्तगटामुळे एक इंजेक्शन लागू शकतं, तिला लागणार नव्हतं. फॉर्मवर वहिनीने एकटीने सही केली. ती सही करताना तिने पेन असं धरलं होतं जसं परीक्षेत धरतात. पहिली गोळी तिथेच, डॉक्टरबाईंसमोर घेतली. पुढच्या गोळ्या गुरुवारी घरी घ्यायच्या होत्या.

"आता ह्या नणंदबाईंनी लिहून घ्यायचं," त्या मला म्हणाल्या. "रक्त जाणार, पोटात कळा येणार, थोडी थंडी वाजेल. त्याला घाबरायचं नाही. पण तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास झालं, तर थांबायचं नाही, निघायचं. चक्कर येऊन पडली, निघायचं. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला, घाण वास आला, निघायचं. आणि काहीच झालं नाही, रक्तच गेलं नाही, तरीसुद्धा मला सांगायचं. मनाने आणखी गोळ्या आणायच्या नाहीत." खाली त्यांनी स्वतःचा नंबर लिहिला.

मी लिहिलं. माझं देवनागरी अक्षर चौथीतल्या मुलीसारखं आहे. वहिनी वाकून बघत होती. "मॅडम, 'निघायचं' तेवढं ठळक लिहा," ती म्हणाली, आणि डॉक्टरबाई हसल्या.

परत येताना आम्ही ब्लाउजपीसही घेतले. आईच्या निळ्या साडीचं मॅचिंग चुकलं आणि त्यावरून आम्हाला रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकावं लागलं.

बुधवारी आई चितेगावला गेली आणि पिल्लूला हट्टाने बरोबर घेऊन गेली. गुरुवारी दादाने सुट्टी काढली, मीही काढली. वहिनीने सकाळी खाऊन गोळ्या घेतल्या. पुढचे चार-पाच तास कठीण गेले. ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, गरम पाण्याची पिशवी मागत होती, मधेच दादाला म्हणत होती, "तुम्ही जा बाहेर, तुमचं तोंड बघून जास्तच दुखतंय." तो बाहेर जाऊन दारातच उभा राहायचा. गाडीची किल्ली त्याने सकाळपासून हातात धरली होती. मी वहीत वेळ आणि पॅड लिहीत होते. दादा विचारायचा, "आता किती?" मी सांगायचे, "दीड तासात एक." तो मान हलवायचा. तो असं काही मला विचारेल आणि मी त्याच्याकडे बघून उत्तर देईन, हे आठवड्यापूर्वी मला खरं वाटलं नसतं.

दुपारी कळा ओसरल्या. चारच्या सुमाराला वहिनी उठून बसली आणि म्हणाली, "भूक लागली. मळमळ गेली बघा." दादाने वरण-भात लावला. भात गिचका झाला होता. तिने तो तीनदा वाढून घेतला.

शुक्रवारी आई आली. वहिनीला पडलेली बघून म्हणाली, "पाळी का? मग झोप, उठू नको," आणि स्वतः भाकरी टाकायला लागली. तिला आजही माहीत नाही. कधीकधी ते मनाला टोचतं. पण ते सांगायचं असेल तर वहिनी सांगेल. ते माझं नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं होतं. या वेळी दवाखान्यात आमचा नंबर पुकारला तसा मी उठायला लागले, तर वहिनीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही बसा, ताई. मी बोलते. मला पुढचं पण विचारायचंय, तांबी परत नको, दुसरं काय काय असतं ते. मी लिहून आणलंय." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून दाखवला आणि आत गेली.

मी बाकावर बसले. बाजूला माझ्याच वयाची एक मुलगी होती. एकटी. कॉलेजची सॅक मांडीवर घट्ट धरलेली, फोन हातात, आणि पाच-पाच मिनिटांनी दाराकडे बघत होती. मी कुठेही बसले तरी शेजारच्याशी आपणहून बोलत नाही. आतून वहिनीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती भराभरा विचारत होती आणि डॉक्टरबाई सावकाश उत्तर देत होत्या. मग दोघी हसल्या.

त्या मुलीने माझ्याकडे मान वळवली. "आतमधे ओरडतात का हो?"

"नाही," मी म्हणाले. "विचारतात खूप. पण ओरडत नाहीत."

तिने फोन सॅकमध्ये ठेवला. दार उघडून वहिनी बाहेर आली, मला म्हणाली, "झालं, सगळं साफ हाय," आणि पर्समध्ये कागद कोंबत जिन्याकडे निघालीसुद्धा. मी तिच्यामागे जाताना वळून पाहिलं. ती मुलगी उठून डॉक्टरबाईंच्या दाराशी उभी राहिली होती.